ओव्हरीत चॉकलेट सिस्ट: हॉर्मोन जास्त आहेत की कमी? दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात

मंजिरी_करेलीबाग

नमस्कार. मी बडोद्याची. माहेर दांडिया बाजार, सासर करेलीबाग, वय ३१. शाळेत सातवी-आठवीला गणित शिकवते. लग्नाला तीन वर्षं झाली, दीड वर्षापासून बाळासाठी प्रयत्न चालू आहेत. थोडं लांबलचक लिहितेय, पण कृपया पूर्ण वाचा.

पाळीचं दुखणं अकरावीपासून आहे. त्या वर्षी नवरात्रात पाचव्या रात्री गरब्याच्या घेऱ्यातून कशीबशी बाहेर आले आणि मैदानाच्या कडेला, चपलांच्या ढिगाशेजारी, चणियाची नाडी सैल करून ओणवी बसून राहिले. मैत्रिणीला वाटलं संध्याकाळची शेवउसळ बाधली. घरी आई म्हणाली, आम्हालाही दुखायचं. आजी म्हणाली, लग्न झालं की राहील. राहिलं नाही. उलट गेल्या दोन वर्षांत पाळीच्या दिवसांत संडासला बसतानाही आत सुरी फिरवल्यासारखं होतं, आणि नवऱ्याजवळ जातानाही दुखतं. हे दुसरं तर मी अजून आईलाही सांगितलेलं नाही, इथे लिहितेय.

मार्चमध्ये सोनोग्राफी झाली. डाव्या अंडाशयात ५.२ सेंटिमीटरची गाठ, चॉकलेट सिस्ट, एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर रुजण्याचा आजार. गाठीतला द्रव पडद्यावर दळलेल्या काचेसारखा दिसतो असं लिहिलंय. उजवं अंडाशय ठीक, फक्त गर्भाशयाच्या मागे जरा चिकटल्यासारखं. सोनोग्राफीवाले काका म्हणाले, ‘बेन, चिंता ना करो,’ आणि मी रिक्षात बसल्यावर रडले.

मग पाळीच्या दुसऱ्या दिवशी रक्त दिलं. आकडे असे: एस्ट्राडायोल (म्हणजे मुख्य एस्ट्रोजेन) २६८, एफएसएच (मेंदूकडून अंडाशयाला येणारं हॉर्मोन) २.१, एएमएच (बीजांचा साठा किती याचा अंदाज देणारं) ०.९, आणि सोबत थायरॉइडचं टीएसएच ०.३.

पहिल्या डॉक्टरांनी एस्ट्राडायोलवर बोट ठेवलं. म्हणाले, हा आजार एस्ट्रोजेनवर वाढतो, तुमचं अंडाशय ते फार बनवतंय, तेव्हा आधी सहा महिने ते बंद करायची इंजेक्शनं घेऊ आणि मग गाठ काढू. दुसऱ्या डॉक्टरांनी एएमएचवर बोट ठेवलं. म्हणाल्या, अंडाशय आटत चाललंय, हॉर्मोन कमी झालेत, एक महिनाही घालवू नका, टेस्ट ट्यूबला लागा.

माझं डोकं इथे अडकलंय. एकच टाकी एकाच वेळी वाहूनही जातेय आणि रिकामीही आहे, हे गणित मला सुटत नाही. एंडोमेट्रिओसिसमुळे अंडाशयाचं हॉर्मोन बनवणं वाढतं की कमी होतं? आणि जर कुणाचं तरी एकाचं चुकत असेल, तर मी सहा महिने इंजेक्शनं घेऊन वेळ घालवू की घाईने ऑपरेशन करून आहे तेही घालवू?

थायरॉइडसाठी तिसऱ्याच डॉक्टरांकडे जायला सांगितलंय. तो ताण वेगळा.

मीनल_मांजलपूर

मंजिरी, तुझं दुखणं वाचून माझेच दिवस आठवले. मी चार वर्षं डायनोजेस्ट २ मिलिग्रॅम ही हॉर्मोनची गोळी घेतेय, रोज रात्री एक. पहिले चार महिने सारखे डाग पडायचे, इतके की कॉलेजला पांढरा ड्रेस घालणं सोडून दिलं. मग पाळी बंद झाली आणि दुखणंही. गाठ ४ वरून २.८ सेंटिमीटरवर आली. पण मला सध्या मूल नकोय. ही गोळी चालू असताना बीज सुटणं थांबतं, म्हणून तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर पुरणार नाही. शास्त्र कुणी जाणकार सांगेल. घाई करू नकोस एवढंच.

आर्यनची_आई

ताई, माझ्या नणंदेलाही ओव्हरीत गाठी होत्या. तिने साखर, मैदा बंद केला, रोज दालचिनीचं पाणी घेतलं, आठ किलो वजन उतरवलं आणि पाळी सुरळीत झाली. हॉर्मोन जास्त झाले की असं होतं. काळजी करू नका, सगळं आहाराने बरं होतं.

सुलभा_रावपुरा

आर्यनच्या आई, तुम्ही मनापासून लिहिलंत. पण तुमच्या नणंदेला बहुधा पीसीओएस असावं. त्यात अंडाशयात लहान लहान फॉलिकल, म्हणजे बीजाच्या पिशव्या, पुष्कळ साठतात, पुरुषी हॉर्मोन वाढतात, पाळी लांबते, आणि एएमएच उलट चढं येतं. मंजिरीची गाठ जुन्या रक्ताची आहे. दालचिनीचं पाणी पिऊन ती जाणार नाही. तशी आशा लावून वर्ष गेलेल्या मुली मी पाहिल्यात, म्हणून स्पष्ट लिहितेय. राग मानू नका.

मंजिरी, आता तुला. मी डॉक्टर नाही. रावपुऱ्यातल्या एका लॅबमध्ये १८ वर्षं हॉर्मोनच्या मशीनवर काम केलंय, आणि हाच आजार स्वतः भोगलाय, दोन ऑपरेशनं झालीयत.

आधी एका प्रश्नाचं उत्तर दे: केसांसाठी किंवा नखांसाठी कुठली गोळी घेतेस का? मुद्दाम विचारतेय, कारण खाली सांगते.

तुझं टाकीचं गणित सुटत नाही, कारण तिथे टाकी एक नाहीच. तीन वेगवेगळ्या गोष्टींना सगळे मिळून ‘हॉर्मोन’ म्हणतायत.

पहिली गोष्ट, अंडाशय रोजचं एस्ट्रोजेन कसं बनवतं. दिवाळीत आमच्या वाड्यात एका घरी चकलीची भाजणी तयार व्हायची आणि शेजारच्या घरी चकल्या तळल्या जायच्या. फॉलिकलमध्ये अगदी तसं आहे. बाहेरच्या थराच्या पेशी मेंदूकडून एलएचचा निरोप आला की कोलेस्टेरॉलपासून पुरुषी जातीचं हॉर्मोन बनवतात. ती भाजणी. आतल्या थराच्या पेशी एफएसएचच्या निरोपावर त्याचं एस्ट्राडायोल करतात. ते करणाऱ्या विकराचं नाव अरोमाटेज. एंडोमेट्रिओसिस झाला म्हणून हा कारखाना जास्त माल काढायला लागत नाही. बहुतेक बायकांचं रक्तातलं एस्ट्राडायोल इतर बायकांसारखंच असतं. उलट फॉलिकलच्या आतल्या पेशींत अरोमाटेज कमी सापडल्याचे अभ्यास आहेत. म्हणजे ‘तुमचं अंडाशय फार एस्ट्रोजेन बनवतंय’ हे वाक्य या आजाराला सहसा लागू पडत नाही.

मग आजार एस्ट्रोजेनवर वाढतो हे खोटं का? तेही नाही. इथे दुसरी गोष्ट येते. गर्भाशयाच्या अस्तरासारखी जी ऊती नको तिथे रुजलेली असते, अंडाशयावर, आतड्याच्या बाजूला, गर्भाशयाच्या मागच्या खोलगट जागेत, तिने स्वतःची वेगळी चूल मांडलेली असते. गर्भाशयाच्या निरोगी अस्तरात अरोमाटेज जवळपास नसतं. या चुकीच्या जागच्या ऊतीत ते असतं. ती रक्तातून आलेली भाजणी तर वापरतेच, शिवाय कोलेस्टेरॉलपासून सुरुवात करून स्वतःची भाजणीही करू शकते. तिथल्या तिथे बनलेलं एस्ट्रोजेन सूज वाढवतं, सुजेतून प्रोस्टाग्लँडिन नावाचं दुखणं आणणारं रसायन सुटतं, आणि प्रोस्टाग्लँडिन पुन्हा अरोमाटेजला चेव आणतं. हे चक्र फिरत राहतं. पाळीत तू मेफ्टल घेतेस ना? ती गोळी या चक्रातलं प्रोस्टाग्लँडिनच अडवते, म्हणून उतार पडतो. चूल मात्र पेटलेलीच राहते.

शिवाय ही ऊती प्रोजेस्टेरॉनचं ऐकत नाही. एरवी बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि अस्तराला सांगतं की जोरकस एस्ट्राडायोलचं सौम्य एस्ट्रोन करून टाक. इथे तो निरोप ऐकणारे पेशींवरचे ग्राहीच कमी झालेले असतात. म्हणून पुष्कळ जणींचं एकविसाव्या दिवसाचं प्रोजेस्टेरॉन रिपोर्टमध्ये चांगलं येतं आणि तरी आजार ढिम्म हलत नाही. हे सगळं पेशींच्या आसपास चालतं. हातातून काढलेल्या ५ मिलिलिटर रक्तात त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून एस्ट्राडायोलचा आकडा पाहून एंडोमेट्रिओसिस किती आहे हे कुणी ठरवू नये. दुखणं किती आहे हेही ठरत नाही.

तिसरी गोष्ट एएमएच. ते दुखण्याचंही हॉर्मोन नाही आणि पाळीचंही नाही. लहान फॉलिकलच्या आतल्या पेशी ते सोडतात, त्यामुळे शिल्लक किती याचा अंदाज येतो. चॉकलेट सिस्टमध्ये महिनोन् महिन्यांचं जुनं रक्त असतं. अमेरिकेतल्या जॉन सॅम्पसन यांनी १९२१ साली या गाठींवर लिहिलं, तेव्हापासून त्या चॉकलेटच्याच म्हणून ओळखल्या जातात, इतका तो द्रव गडद आणि घट्ट असतो. त्यात लोह खच्चून भरलेलं असतं. ते भिंतीतून झिरपतं, शेजारच्या निरोगी भागात सूज येते, तिथे घट्टे धरतात, आणि त्याच भागात बीजांचा साठा असतो. तो हळूहळू घटतो. म्हणून आजार एस्ट्रोजेनवर पोसला जातो आणि एएमएच कमी येतं, ही दोन्ही वाक्यं एकाच बाईबद्दल एकाच वेळी खरी असू शकतात. तुझे दोन्ही डॉक्टर अर्धं अर्धं बरोबर आहेत.

आता ऑपरेशनबद्दल, हे जरा जपून वाच. या गाठीला पेरूच्या बीसारखी सुटी सीमा नसते. तिची भिंत म्हणजे अंडाशयाचाच आत वळलेला थर. ती सोलून काढताना निरोगी भाग थोडाफार सोबत येतोच, सर्जनचा हात कितीही हलका असो. २००९ मध्ये माझ्या डाव्या बाजूची ६ सेंटिमीटरची गाठ काढली. ऑपरेशनच्या आधी एएमएच करा असं मला कुणी सांगितलं नाही. मी लॅबमध्ये काम करत होते, रोज दुसऱ्यांच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते, आणि मलाही सुचलं नाही. तेव्हा ही तपासणी आम्ही मुंबईला पाठवायचो. सहा महिन्यांनी मी स्वतःच्या पैशाने नमुना पाठवला. ०.५ आलं. आधी किती होतं हे आता कधीच कळणार नाही. मला मूल झालं नाही, त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. दुखणं मात्र ऑपरेशनने तीन वर्षं खरोखर गेलं होतं, हेही खरं आहे. म्हणून ऑपरेशन वाईट असं मी म्हणणार नाही. फक्त आधीचा खरा आकडा हाताशी असल्याशिवाय टेबलावर जाऊ नकोस.

खरा आकडा म्हणाले, कारण तुझ्या रिपोर्टवर माझा विश्वास बसत नाहीये. एस्ट्राडायोल २६८ दुसऱ्या दिवशी फार जास्त आहे, ८०च्या आत असायला हवं होतं. एफएसएच २.१ फार कमी. एवढी जोडी असती तर मी म्हटलं असतं की शेजारी आणखी एखादी साधी, एस्ट्रोजेन सोडणारी सिस्ट असेल, कारण एस्ट्रोजेन वाढलं की मेंदू एफएसएच आवरतो. पण टीएसएचचा अंडाशयाशी काय संबंध? तेही खालीच आलंय.

काही मशीनवरच्या तपासण्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या आधाराने चालतात. रक्तात बाहेरचं बायोटिन जास्त असेल तर एफएसएच, टीएसएच, एएमएचसारखे आकडे खोटे कमी येतात, आणि एस्ट्राडायोल, प्रोजेस्टेरॉनसारखे लहान रेणू मोजण्याची पद्धत उलटी असल्यामुळे ते खोटे जास्त येतात. तुझे चारही आकडे नेमके त्याच दिशेने सरकलेत. म्हणून केसांच्या गोळीचं विचारलं.

मंजिरी_करेलीबाग

ताई, मी हे शाळेच्या स्टाफरूममध्ये वाचलं आणि हात थरथरायला लागले.

हो. घेते. बायोटिन १० मिलिग्रॅम, चार महिन्यांपासून. डिसेंबरात केस फार गळत होते म्हणून मैत्रिणीने सांगितलं होतं. रक्त द्यायला गेले त्या दिवशीही सकाळी सातला घेतली होती आणि साडेआठला रक्त दिलं. उपाशी आहात का एवढंच विचारलं होतं. बाकी कुणीच काही विचारलं नाही, आणि ती औषधात धरतात हे मलाही माहीत नव्हतं.

म्हणजे माझे सगळेच आकडे खोटे?

सुलभा_रावपुरा

सगळे खोटे म्हणू नकोस, अजून ठरवू नकोस काहीच. एएमएच खरोखरही कमी असू शकतं. गोळी आजपासून बंद कर. तशी दोन-तीन दिवसांत रक्तातून उतरते, पण तू पुढच्या पाळीपर्यंत थांब, म्हणजे दुसऱ्या दिवशीचं एस्ट्राडायोल आणि एफएसएचही त्याच नमुन्यात होईल. एएमएचला पाळीचा दिवस लागत नाही. लॅबमध्ये नोंद करताना सांग की आधी बायोटिन चालू होतं आणि आता बंद आहे. आणि थायरॉइडवाल्या डॉक्टरांकडे नवा रिपोर्ट येईपर्यंत जाऊ नकोस. त्या ०.३ वर कुणी उपचार सुरू केले असते तर आणखी एक भानगड झाली असती.

आणि अगं, नवऱ्याची तपासणी झाली का? तुझ्या एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये त्याचा एकही आकडा नाही.

मंजिरी_करेलीबाग

नाही ताई. दोन्हीकडे कुणी सांगितलंच नाही. उद्याच जाऊ.

निखिल_अलकापुरी

मंजिरीताई, मी नवऱ्याच्या बाजूने लिहितोय. माझ्या बायकोला हाच आजार आहे. तिला तीन महिन्यांचं ११.२५ मिलिग्रॅमचं ल्युप्रोलाइड दिलं होतं. पहिले दहा-बारा दिवस दुखणं वाढलं आणि आम्ही घाबरून दवाखाना गाठला. नंतर कळलं की हे इंजेक्शन आधी मेंदूतल्या ग्रंथीला जोरात ढकलतं, मग ती थकून गप्प होते, आणि अंडाशयही गप्प होतं. ही आधीची उसळी आम्हाला कुणी सांगितली असती तर ती रात्र वाचली असती. नंतर एप्रिलच्या बडोद्याच्या उन्हात तिला आतूनही भट्टी पेटल्यासारखं व्हायचं, रात्री दोन-दोन वेळा चादर बदलायची. बत्तिसाव्या वर्षी रजोनिवृत्तीसारखं. हाडांसाठी आणि त्या उष्णतेसाठी नंतर थोडं हॉर्मोन परत जोडून दिलं, मग सुसह्य झालं. दुखण्याला त्याचा फायदा नक्की झाला. ज्यांना हे इंजेक्शन घ्यायचं आहे त्यांनी ‘जोडीला काय देणार?’ हे पहिल्याच दिवशी विचारावं.

एक प्रश्न सुलभाताईंना: थोडं एस्ट्रोजेन परत दिलं तर आजार पुन्हा पेटत नाही का? आम्ही तेव्हा विचारायला बिचकलो.

सुलभा_रावपुरा

निखिल, विचारायलाच हवा होता हा प्रश्न. सगळ्या ऊतींना एस्ट्रोजेन सारखंच लागत नाही. हाडांना जेवढं पुरतं तेवढ्याने या आजाराची चूल धड पेटत नाही. साधारण ३० ते ५० पिकोग्रॅमच्या पट्ट्यात ठेवलं तर हाडं सांभाळली जातात आणि आजारही दबलेला राहतो, या विचारावर ते जोडलेलं औषध उभं आहे. मीनलचं डायनोजेस्टही त्याच अंगाने चालतं. अंडाशयाला पूर्ण झोपवत नाही, पण बीज सुटू देत नाही आणि एस्ट्रोजेन खालच्या पातळीवर ठेवतं.

मंजिरीच्या बाबतीत मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. गोळी असो की इंजेक्शन, ती चालू असताना सहसा गर्भ राहत नाही, आणि संपल्यावर आपोआप राहण्याची शक्यता त्यामुळे वाढते असंही नाही. दुखण्यासाठी ती उत्तम औषधं आहेत. बाळाच्या वाटेवर नुसती ‘आधी सहा महिने गाठ सुकवू’ म्हणून घेतली, तर ते सहा महिने वयातून वजा होतात.

मीनल_मांजलपूर

सुलभाताई, चार वर्षांत मला कुणी एवढं समजावलं नाही. मी दरवर्षी एस्ट्राडायोल करून घ्यायचे आणि आकडा चांगला आला की आजार गेला समजायचे.

सुलभा_रावपुरा

मीनल, तू सोनोग्राफी चुकवू नकोस आणि हाडांची घनता एकदा बघून घे. एस्ट्राडायोलचे पैसे वाचव.

मंजिरी_करेलीबाग (सात आठवड्यांनंतर)

सगळ्यांना सांगायला आले.

गोळी बंद करून २६ दिवसांनी, पाळीच्या दुसऱ्या दिवशी, त्याच लॅबमध्ये रक्त दिलं. एस्ट्राडायोल ४७. एफएसएच ७.४. टीएसएच २.१. एएमएच १.५.

मी ते चार आकडे वहीत जुन्या चार आकड्यांशेजारी लिहिले. एस्ट्रोजेन वाहून जाणारी टाकी नव्हतीच. थायरॉइडही नव्हता. एएमएच माझ्या वयाला कमीच आहे हे मला कळतंय, पण ०.९ ऐकून मी जे दिवस काढले ते आठवले आणि वहीवर डोकं ठेवून बसले. नवऱ्याचा रिपोर्ट चांगला आला. तो म्हणाला, हे आपण दीड वर्षापूर्वीच करायला हवं होतं, आणि मी त्याला दोष दिला नाही, कारण मलाही सुचलं नव्हतं.

दोन्ही रिपोर्ट घेऊन तिसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्या ऑपरेशनही करतात आणि टेस्ट ट्यूबचंही बघतात. त्यांनी आधी मला दुखणं कुठे, कधी, किती हे विचारलं, संडासचंही आणि दुसरंही, आणि आतून नीट सोनोग्राफी करून आतड्याच्या बाजूलाही पाहिलं. तिथे एक लहान गाठोळी आहे. त्या म्हणाल्या, आधी बीजं काढून गर्भ गोठवून ठेवू, गाठीला सुई लावायची नाही. मग दुखण्यासाठी ऑपरेशन, निवांत आणि एकदाच. आईला मी आता सगळं सांगितलंय, दुसरंही. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, मलाही होतं तसं.

ताई, एकच भीती उरलीय. बीजं वाढवायच्या इंजेक्शनांनी एस्ट्रोजेन खूप वर जातं म्हणे, हजारांत. मग तुम्ही सांगितलेली ती चूल भडकणार नाही का?

सुलभा_रावपुरा

मंजिरी, १.५ वाचून मला इतका आनंद झाला की मी यांना हाक मारून रिपोर्ट दाखवला.

एस्ट्राडायोल वर जातं हे खरं, दहा-बारा दिवसांसाठी, आणि काहींचं २,०००च्याही पुढे जातं. पण ते थोड्या दिवसांचं असतं. युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संस्थेने, एश्रेने, २०२२ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात स्पष्ट आहे की टेस्ट ट्यूबच्या उपचाराने हा आजार परत उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसत नाही. तुला तरी धास्ती वाटत असेल तर डॉक्टरांना लेट्रोझोलबद्दल विचार. ते अरोमाटेजलाच अडवतं, काही ठिकाणी इंजेक्शनांच्या जोडीला देतात, आणि त्याने एस्ट्रोजेनचा आकडा पुष्कळ खाली राहतो. द्यायचं की नाही हे त्याच ठरवतील. आणि बीजं काढायच्या दिवशी अँटिबायोटिक देणार का, हेही विचार. चॉकलेट सिस्ट असताना आत संसर्ग झाला तर महागात पडतं. तेवढे दहा दिवस पोट जड वाटेल, डाव्या बाजूला ओढल्यासारखं होईल. अचानक असह्य कळ आली किंवा ताप आला तर थांबू नकोस, लगेच फोन कर.

सोनोग्राफीला जाशील तेव्हा उजव्या बाजूला किती फॉलिकल दिसतात आणि डाव्या बाजूला किती, हे वेगवेगळं लिहून घे. एएमएच दोन्हींची बेरीज सांगतं. कुठल्या बाजूचं किती, ते फक्त तिथेच कळतं.

मंजिरी_करेलीबाग

उजवीकडे सात, डावीकडे तीन. मी कालच विचारून लिहून घेतलं, ताई. सोमवारपासून इंजेक्शनं.